ओटोरायनोलॅरिंगोलॉजिकल हा शब्द कुठे कुठे तोडायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्याच्या पाटीवर ‘कान-नाक-घसा तज्ज्ञ’ असं लिहिलेलं असतं ना, त्या शाखेचं इंग्रजी विशेषण म्हणजे ओटोरायनोलॅरिंगोलॉजिकल. मेडिकल, नर्सिंग, ऑडिओलॉजी असल्या कोर्सला मराठी मीडियममधून आलेली मुलं या शब्दापाशी हमखास अडकतात आणि मग तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळे एकाच ठिकाणी घेतलेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, जिथे सांगण्यासारखं आहे तिथे भरपूर लिहिलंय, नाही तिथे दोन ओळींत आटोपलंय.

या शब्दात अक्षरं किती?

कुठली अक्षरं मोजताय त्यावर आहे. मराठीत आपण ‘अक्षर’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. इंग्रजी स्पेलिंगमधली लेटर्स मोजली तर २२: ओ टी ओ, आर एच आय एन ओ, एल ए आर वाय एन जी ओ, एल ओ जी आय सी ए एल. देवनागरीत लिहून मोजलं तर १२: ओ, टो, रा, य, नो, लॅ, रिं, गो, लॉ, जि, क, ल. आणि तोंडाने बोलताना जे तुकडे पडतात ते सिलॅबल १०: ओ, टो, राय, नो, लॅ, रिं, गो, लॉ, जि, कल.

बाराचे दहा झाले ते ‘राय’ आणि ‘कल’ मुळे. लिहिताना आपण ‘य’ आणि शेवटचा ‘ल’ सुट्टे लिहितो पण बोलताना त्यांना स्वतःचा स्वर नसतो, ते आधीच्या अक्षराला चिकटतात, जसं आपण ‘गाय’ लिहितो दोन अक्षरं आणि बोलतो एका झटक्यात.

सिलॅबल मोजायची सोपी पद्धत काय?

स्वर मोजा. स्वराचा आवाज जितक्या वेळा येतो तितके सिलॅबल, व्यंजनं कितीही असू देत. हनुवटीखाली हात धरून जबडा किती वेळा खाली येतो ते मोजायला शाळेत शिकवतात, ते लहान मुलांना ठीक आहे पण ‘रिं’ आणि ‘जि’ ला जबडा फारसा हलतच नाही, त्यामुळे मोठ्या शब्दात ती युक्ती दगा देते.

या शब्दाची गंमत अशी की स्पेलिंगमधली स्वराची लेटर्स मोजली (वाय धरून) तरी दहाच भरतात, म्हणजे प्रत्येक लेटर एकेका सिलॅबलचं काम करतंय, कुणी फुकट बसलेलं नाही. हे प्रत्येक शब्दात होत नाही हां, ‘रूम’ मध्ये दोन ओ आहेत आणि सिलॅबल एक, ‘टेबल’ च्या शेवटचा ई तर नुसता शोभेला. ग्रीकवरून आलेले लांब मेडिकल शब्द मात्र या बाबतीत बऱ्यापैकी प्रामाणिक असतात, म्हणून मला ते शिकवायला सोपे वाटतात. लोकांना भीती वाटते लांबीची, खरा त्रास देतात ते ‘थरो’ आणि ‘टफ’ सारखे आखूड शब्द.

डिक्शनरीत ‘लॅर’ वर तुटतो आणि तुम्ही ‘लॅ’ वर तोडलाय, बरोबर कोण?

दोन्ही. मराठी कानाला लॅ-रिं असं ऐकू येतं कारण आपल्याकडे मधलं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं. इंग्रजीत ‘ॲ’ सारखा आखूड स्वर जोर असलेल्या सिलॅबलच्या शेवटी उघडा राहत नाही, त्याला मागे टेकू द्यायला व्यंजन लागतं, म्हणून डिक्शनरीवाले आर मागे ओढतात आणि लॅर-इन असं तोडतात. तसंच शेवटी लॉ-जि-कल च्या ऐवजी लॉज-इ-कल.

यावर भाषाशास्त्रवाल्यांचंही एकमत नाही. एक पक्ष म्हणतो की व्यंजन शक्य तितकं पुढच्या सिलॅबलला द्या, दुसरा म्हणतो ज्या सिलॅबलवर जोर जास्त त्याला द्या. उच्चारांच्या डिक्शनरीमुळे प्रसिद्ध असलेले जॉन वेल्स दुसऱ्या पक्षातले. आणि तिसरे लोक म्हणतात व्यंजन दोघांचंही, भांडू नका. परीक्षेत किंवा उच्चार शिकताना सिलॅबलची संख्या आणि जोर बरोबर आला की झालं, आर अलीकडे की पलीकडे यावर कुणी मार्क कापत असेल तर तो नको तितका कडक आहे.

अर्थाप्रमाणे तोडायचा तर?

मग वेगळीच चिरफाड. ओट म्हणजे कान, मग जोडणारा ओ, रायन म्हणजे नाक, परत ओ, लॅरिंग म्हणजे स्वरयंत्र, परत ओ, मग लॉग म्हणजे अभ्यास किंवा शास्त्र या अर्थाचा तुकडा, त्याला इक, त्याला अल. मोजलेत तर तीन अवयव, तीन ओ, एक शास्त्र आणि दोन प्रत्यय, म्हणजे नऊ तुकडे. सिलॅबल दहा, अर्थाचे तुकडे नऊ, आणि मुख्य म्हणजे दोघांच्या चिरा एकाच ठिकाणी पडत नाहीत. बोलताना रिं-गो असं तुटतं, अर्थाला लॅरिंग संपून मग ओ येतो. बोलताना लॉ-जि-कल, अर्थाला लॉग-इक-अल. नऊ तुकड्यांतले ओ तर स्वतः काहीच सांगत नाहीत, नुसते बिजागरीचं काम करतात.

हे दोन हिशेब वेगळे ठेवा, एवढं एकच मला या सगळ्या पानात ठासून सांगायचंय. वाचायला आणि बोलायला सिलॅबल, समजायला आणि स्पेलिंग लक्षात ठेवायला अर्थाचे तुकडे. मुलं काय करतात, सिलॅबल पाठ करतात आणि त्यांनाच अर्थ चिकटवायला जातात, मग ‘रिंगो’ म्हणजे काय असं विचारतात. रिंगो म्हणजे काही नाही.

समासाच्या भाषेत सांगता येईल का?

येईल की, आणि मला वाटतं मराठी मुलांना असंच सांगावं. कान, नाक, स्वरयंत्र हे तिघं बरोबरीचे, कुणी कुणाचं विशेषण नाही, म्हणजे हा आपला द्वंद्व समास, आईवडील किंवा भीमार्जुन सारखा. इंग्रजी भाषाशास्त्रातसुद्धा असल्या जोडशब्दाला द्वंद्व असंच म्हणतात, संस्कृत व्याकरणातून जसाच्या तसा उचललाय. मग या तिघांचं शास्त्र, हा तत्पुरुष. तयार झालेल्या अख्ख्या नामाला शेवटी विशेषणाचा प्रत्यय.

म्हणजे आधी ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी हे नाम पूर्ण होतं, १९ लेटर्सचं, त्याचा शेवटचा वाय गळतो आणि इकल लागतो. ‘ओटोरायनोलॅरिंगो’ अधिक ‘लॉजिकल’ असं नाही ते. इथे लॉजिकलचा तर्कशुद्ध वागण्याशी काही संबंध नाही, डॉक्टर लॉजिकल असेल नसेल तो वेगळा प्रश्न.

ओटो की ऑटो?

ओटो. आपल्याकडे डॉक्टर लोकसुद्धा सर्रास ऑटोरायनो म्हणतात आणि समोरच्याला कळतं त्यामुळे अडत काही नाही, पण तुकडे समजून घेताना हा फरक महत्त्वाचा आहे कारण ऑटो हा वेगळाच ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘स्वतः’, स्पेलिंगही ए यू ने सुरू होतं. ऑटोमॅटिक, ऑटोइम्यून, आणि स्वतः चालणारी ती आपली ऑटोरिक्षा. ओटो कानाचा. ओटायटिस म्हणजे कानाची सूज, ओटाल्जिया म्हणजे कानदुखी, ओटोस्कोप म्हणजे डॉक्टर कानात घालून बघतात ते लाइटवालं यंत्र.

रायनो म्हणजे गेंडा ना?

गेंडा अर्धा. रायनो म्हणजे नाक, सेरॉस म्हणजे शिंग, नाकावर शिंग असलेला तो रायनोसेरॉस. आपण पुढचा भाग टाकून दिला आणि नुसतं नाक शिल्लक ठेवून त्याला गेंडा म्हणायला लागलो.

या तुकड्याशी पुण्याचा एक खराखुरा संबंध आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नाकाच्या प्लास्टिक सर्जरीला रायनोप्लास्टी म्हणतात. टिपू सुलतानाशी १७९२ मध्ये संपलेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेकडे कावसजी नावाचा बैलगाडीवान होता, तो टिपूच्या माणसांच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ एका कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवीन नाक बसवलं. मुंबई इलाख्याच्या इंग्रज डॉक्टरांनी ते समोर उभं राहून पाहिलं आणि १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मध्ये चित्रासकट ती हकीकत छापून आली. ती वाचून तिकडच्या सर्जन लोकांची झोप उडाली. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये या पद्धतीने ऑपरेशन केलं आणि १८१८ मध्ये जर्मनीच्या ग्रेफे यांनी ‘रायनोप्लास्टिक’ या नावाने पुस्तक काढलं, तिथून हा शब्द रुळला. कातडी वळवून नाक बसवायची कल्पना मुळात सुश्रुतसंहितेपासूनची, तिथे ती गालाची. नाव मात्र ग्रीक पडलं, आणि करणाऱ्या कुंभाराचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही.

आर नंतर एच कशाला?

ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीला आर आला की त्याचा उच्चार थोडा हवा सोडत व्हायचा, रोमन लोकांनी लिहिताना ती हवा एच ने दाखवली. म्हणून ऱ्हिदम, ऱ्ह्युमॅटिझम, ऱ्हायनायटिस. इंग्रजीत ती हवा कधीच गेली, एच तेवढा उरला, उच्चारायचा नाही.

थोडं आत जायचं असेल तर: ग्रीकमध्ये हाच आर जोडशब्दाच्या मध्ये आला की डबल व्हायचा. म्हणून डायरियाच्या, हॅमरेजच्या, कटारच्या (म्हणजे सर्दीतला स्राव) इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन आर आणि मग एच दिसतो. कान वाहण्याला ओटोरिया म्हणतात, त्यातही आर दोनदा आहे. मग आपल्या शब्दात एकच का? कारण हा जुन्या ग्रीक लोकांनी बनवलेला शब्दच नाही, आधुनिक काळात डॉक्टरांनी तयार तुकडे शेजारी शेजारी ठेवून जोडलाय, आणि जोडताना जुना नियम पाळला नाही. स्पॅनिशमध्ये मात्र याच शब्दात आजही डबल आर लिहितात. म्हणून स्पेलिंग लिहिताना हात थबकला तर थबकू दे, ओटोरियाला दोन, ओटोरायनोला एक.

लॅरिंक्सच्या शेवटी एक्स आहे, मग इथे जी कुठून आला?

जी मुळातच होता. ग्रीकमध्ये या शब्दाचं खरं अंग लॅरिंग, त्याला कर्त्याचा प्रत्यय स लागला की ग आणि स मिळून क्स होतो आणि तो एक्सने लिहितात. दुसरं काही जोडायचं झालं की एक्स गायब आणि जी परत हजर. फॅरिंक्सचंही, म्हणजे घशाच्या पोकळीचंही, तेच.

आपल्याला यात नवल वाटायला नको, मराठीत सामान्यरूप दुसरं काय असतं. घसा दुखतो, पण घशाला सूज येते, ‘घसाला’ कुणी म्हणत नाही. प्रत्यय लागायच्या आधी शब्द आपलं रूप बदलतो. ओटो आणि रायनोचीही तीच कथा, ग्रीकमध्ये कान नुसता म्हणायचा तर ‘ऊस’ आणि कानाचा म्हणायचं तर ‘ओटोस’, नाक नुसतं ‘ऱ्हिस’ आणि नाकाचं ‘ऱ्हिनोस’. जोडशब्दात जातं ते नेहमी हे दुसरं रूप. हे एकदा डोक्यात बसलं की डिक्शनरीतले अर्धे मेडिकल शब्द अनोळखी वाटत नाहीत.

लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र, मग घसा कुठे गेला?

बरोबर पकडलंत. या शब्दात घसा नाहीच. कान आहे, नाक आहे आणि स्वरयंत्र आहे. ज्याला आपण घसा म्हणतो त्यात वरची पोकळी म्हणजे फॅरिंक्सही येते आणि टॉन्सिल्स तिथेच असतात, म्हणजे ज्या तक्रारीसाठी अर्धा महाराष्ट्र लहानपणी या डॉक्टरकडे गेलाय तिचा या बावीस लेटर्समध्ये पत्ता नाही. आपली ‘कान-नाक-घसा’ ही पाटी जास्त पूर्ण आहे, माझं तर स्पष्ट मत आहे.

असं का झालं ते शाखेच्या इतिहासात आहे. कानाचे डॉक्टर वेगळे होते आणि स्वरयंत्राचे वेगळे. जिवंत माणसाचं स्वरयंत्र नीट बघता यायला लागलं ते मॅन्युएल गार्सिया यांच्यामुळे आणि ते डॉक्टर नव्हते, गाणं शिकवायचे. १८५४ मध्ये त्यांनी दाताच्या डॉक्टरचा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडून स्वतःचंच स्वरयंत्र पाहिलं आणि १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. त्यानंतर व्हिएन्नाकडच्या डॉक्टरांनी तो आरसा उचलला आणि लॅरिंगॉलॉजी ही वेगळी शाखा उभी राहिली. तिकडे कानाचा वेगळा दवाखाना, ओटॉलॉजीचा, व्हिएन्नात १८७३ मध्ये सुरू झाला. मग लक्षात आलं की कान, नाक, घसा आतून एकमेकांना जोडलेले आहेत, सर्दी झाली की कान बंद होतो हे तर आपल्यालाही माहीत आहे, तेव्हा शाखा एकत्र आल्या आणि नावंही एकापुढे एक लागली. दोन दुकानं एक झाल्यावर दोन्ही पाट्या तशाच ठेवाव्यात तसला प्रकार.

मधले ओ काढून टाकले तर चालतील?

नाही, व्यंजनाला व्यंजन भिडलं की तोंडात अडकतं म्हणून ग्रीक जोडशब्दात ओ घालतात. पुढचा तुकडा स्वराने सुरू होत असेल तर मात्र ओ बहुतेक वेळा गळतो: ओट अधिक आयटिस, ओटायटिस, लॅरिंग अधिक आयटिस, लॅरिंजायटिस. पण गॅस्ट्रोएन्टेरायटिसमध्ये पुढे स्वर असूनही ओ टिकलाय, तेव्हा याला नियम न म्हणता सवय म्हणा.

एकाच शब्दात दोन जी, एक ‘ग’ आणि एक ‘ज’, असं का?

पुढे कोण बसलंय त्यावर ठरतं. पहिल्या जी पुढे ओ आहे म्हणून ग, दुसऱ्यापुढे आय आहे म्हणून ज. ग्रीक आणि लॅटिनवरून आलेल्या शब्दांत जी पुढे ई, आय किंवा वाय आला की सहसा ज. म्हणूनच लॅरिंगॉलॉजीत ग आणि लॅरिंजायटिसमध्ये ज, अवयव तोच.

रिंगो म्हणताना मराठी माणसाला एक फायदा आहे. अनुस्वारापुढे ग आला की आपण आपोआप तो नाकातला आवाज काढून पुढे ग पण म्हणतो, रंग, भिंग, ढंग. इथे तेच हवंय. इंग्रजीत ‘फिंगर’ मध्ये असा ग ऐकू येतो आणि ‘सिंगर’ मध्ये नाही, आपण दोन्हीकडे ग म्हणतो आणि सिंगरला फसतो. या शब्दात फसत नाही.

जोर कुठे द्यायचा?

‘लॉ’ वर. आणि हा प्रश्न सगळ्यात वर यायला हवा होता खरं तर, कारण सिलॅबल बरोबर तोडूनही शब्द मराठी वाटतो तो जोरामुळेच. आपण प्रत्येक सिलॅबल साधारण सारख्या वजनाने म्हणतो, इंग्रजीत एक सिलॅबल चढतं आणि शेजारची दबून जातात.

नामात आणि विशेषणात जोर जागा बदलतो. शेवटी लॉजी असलं की जोर त्याच्या अगदी आधीच्या ओ वर, म्हणजे लॅरिं-गॉ-ल-जी. इथे ‘गॉ’ ठसठशीत आणि पुढचा ‘ल’ अगदी पुसट. शेवटी इक किंवा इकल लागलं की जोर त्या प्रत्ययाच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर सरकतो, म्हणजे लॅरिं-ग-लॉ-जि-कल. आता ‘लॉ’ ठसठशीत आणि मघाचा ‘गॉ’ पुसट होऊन नुसता ‘ग’ झाला. स्पेलिंग तेच, पण ज्याच्यावर जोर गेला त्याचा स्वर फुलला आणि दुसऱ्याचा विझला. आपण देवनागरीत ‘लॅरिंगोलॉजिकल’ लिहितो तेव्हा दोन्ही स्वर फुललेले दाखवतो, म्हणून वाचणाराही दोन्हीवर सारखा जोर देतो.

याच चालीवर बाकीचे शब्द म्हणून बघा. बाय-ऑ-ल-जी पण बाय-अ-लॉ-जि-कल. इ-कॉ-न-मी पण इ-क-नॉ-मिक. फ-टॉ-ग्र-फी पण फो-ट-ग्रॅ-फिक. डि-मॉ-क्र-सी पण डे-म-क्रॅ-टिक. आपण ‘डेमोक्रसी’ म्हणतो ते विशेषणाचा जोर नामावर लावून.

मुख्य जोराशिवाय छोटे जोरही असतात. आपल्या शब्दात ते पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या सिलॅबलवर: ओ-टो, राय-नो, लॅ-रिं-ग आणि मग मोठा लॉ-जि-कल. म्हणजे दोन, दोन, तीन, तीन असे गट. दहा मात्रा म्हटल्यावर तबलावाल्यांना झपताल आठवेल पण त्याचे विभाग दोन-तीन-दोन-तीन, आणि इंग्रजी सिलॅबल काही मात्रेसारखे सारख्या लांबीचे नसतात, तेव्हा ठेका धरून म्हणायला जाऊ नका. गटांचा मात्र उपयोग करा, चार घोटांत शब्द संपतो.

लॉजिक लिहायचं की लॉजिकल?

ओटोरायनोलॅरिंगोलॉजिक असंही विशेषण आहे, अमेरिकेत जास्त दिसतं, अर्थामध्ये फरक नाही. काही जोड्यांत फरक पडतो, हिस्टॉरिक म्हणजे ऐतिहासिक महत्त्वाचं आणि हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाशी संबंधित, पण इथे तसं काही नाही. इक ग्रीक आणि अल लॅटिन, म्हणजे सगळा शब्द ग्रीक आणि शेपूट तेवढं लॅटिन.

याला ली लावला तर किती सिलॅबल होतात?

ओटोरायनोलॅरिंगोलॉजिकली, २४ लेटर्स, आणि बोलताना परत दहाच! कारण इकली हे ‘इक-अ-ली’ असं न म्हणता ‘इक्ली’ म्हणतात, ए गिळला जातो. स्वराची लेटर्स अकरा, सिलॅबल दहा, म्हणजे वर सांगितलेला मोजणीचा सोपा हिशेब इथे मोडला. कुणी हळू आणि ठासून म्हटलं तर अकराही होतील. हे क्रियाविशेषण प्रत्यक्षात कोण वापरतं विचाराल तर जवळपास कुणी नाही.

टाइप करताना ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा?

परत दोन घराणी. अमेरिकन पद्धत उच्चाराकडे बघते, ब्रिटिश परंपरा अर्थाच्या तुकड्यांकडे जास्त झुकते. या शब्दात मधला मार्ग सरळ आहे: ओटो, रायनो किंवा लॅरिंगो संपल्यावर तोडा, म्हणजे वाचणाऱ्याला पुढच्या ओळीत अख्खा तुकडा मिळतो आणि दोन्ही घराणी खूश. पहिल्या ओ नंतर तोडू नका, एकटं लेटर ओळीच्या शेवटी लटकत ठेवत नाहीत, म्हणूनच डिक्शनरीत सुरुवातीचा ओटो बहुतेक अख्खा छापतात. ते बघून काही जण सिलॅबल नऊच आहेत असं म्हणतात. डिक्शनरीत शब्दाच्या मध्ये मध्ये दिलेली टिंबं ओळ मोडायच्या जागा दाखवतात, सिलॅबल मोजायला शेजारी कंसात दिलेला उच्चार बघायचा.

कॉम्प्युटर हे काम स्वतः करतो. टेक या टाइपसेटिंग प्रोग्रॅमसाठी फ्रँक लियांग यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्डला यावरच पीएचडी केली, शब्दांची यादी साठवण्यापेक्षा लेटर्सचे छोटे छोटे नमुने साठवायचे अशी ती युक्ती, आणि आजही बऱ्याच ठिकाणी तीच चालते.

हा इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द आहे का?

नाही. तो ४५ लेटर्सचा फुफ्फुसाच्या रोगाचा शब्द लोक नेहमी पुढे करतात पण तो १९३५ मध्ये अमेरिकेत शब्दकोडीवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी मुद्दाम लांब व्हावा म्हणून बनवलेला, रोगाला डॉक्टर तसं म्हणत नाहीत. आपला शब्द निदान कामाचा आहे.

इतर भाषांत काय म्हणतात?

बोलताना सगळेच वैतागून छोटं करतात. फ्रेंच लोक ओआरएल म्हणतात, स्पॅनिशमध्ये नुसतं ओतोर्रीनो, म्हणजे घसा कापून टाकला. अमेरिकन लोकांनी उलट नाक कापलं, त्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या नावात ओटोलॅरिंगॉलॉजी आहे, रायनो नाही. जर्मन हॉस्पिटलात एचएनओ अशी पाटी असते, घसा-नाक-कान, आपल्या बरोबर उलटा क्रम. ब्रिटनमधली संघटना स्वतःला ईएनटी यूके म्हणवते.

सरावासाठी अजून शब्द?

गॅस्ट्रोएन्टेरोलॉजिकल घ्या, १९ लेटर्स, आठ सिलॅबल, जोर परत लॉ वर. इलेक्ट्रोकार्डिओग्राफिक, २० लेटर्स, आठ सिलॅबल, जोर ‘ग्रॅ’ वर. आधी इक किंवा इकल शोधा, त्याच्या मागचं सिलॅबल पकडा, मग शब्द शेवटाकडून पुढे बांधत या: लॉजिकल, मग लॅरिंगोलॉजिकल, मग रायनो लावून, मग ओटो. सुरुवातीपासून म्हणायला गेलं की मध्येच धाप लागते.

लिहिताना खरंच वापरू का हा शब्द?

जर्नलमध्ये किंवा थिसिसच्या टायटलमध्ये वापरा, तिथे तो चालतो. केसपेपरवर, पेशंटशी बोलताना, इंटरव्ह्यूमध्ये सरळ ईएनटी म्हणा, समोरचा परीक्षकसुद्धा घरी तेच म्हणत असतो. आणि पेशंट मराठी असेल तर कान-नाक-घसा.